चढायच्या आधी डोंगर वाचा

अकोले तालुक्यात कळसूबाई (१६४६ मीटर) किंवा रतनगडाला जाणार असाल, तर पायथ्याच्या गावात पोचल्या पोचल्या चढायला लागू नका. उन्हं तिरपी असताना, सकाळी लवकर किंवा चारनंतर, शेताच्या बांधावर उभं राहून समोरचा डोंगर अर्धा तास नीट बघा. दुपारच्या उन्हात सगळं सपाट दिसतं.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झाला. कठीण बेसाल्टचा थर उभा कडा होऊन टिकतो, सच्छिद्र आणि ठिसूळ थर झिजून उतार होतो. म्हणून कडा, झाडीचा पट्टा, पुन्हा कडा अशी रचना दिसते. झाडीचा पट्टा म्हणजे पदर. माती तिथे टिकते, आडव्या पायवाटाही बहुधा तिथूनच जातात. कडा चढायला मात्र सोंड (डोंगराची खाली उतरत आलेली धार) किंवा नाळ (कड्यातली अरुंद, उभी घळ) शोधावी लागते. पावसाळ्यात नाळेच्या वाटेला जाऊच नका. पाण्याबरोबर दगडही खाली येतात.

दोन थरांमध्ये कधी विटकरी लाल मातीची पट्टी दिसते. वरून झिरपलेलं पाणी तिच्यावर अडतं. कड्याच्या पोटात ओल आणि नेचे दिसले की त्यांच्याखाली ही पट्टी आहे का, ते बघा.

मग गावातल्या एखाद्या गुराख्याला विचारा, "दादा, गुरं कुठून वर नेता?" कुठल्याही ॲपपेक्षा ही वाट भरवशाची. तो सोबत आला तर फारच उत्तम; त्याची मजुरी मात्र निघण्याआधीच ठरवा.