फुलाला भुलू नका, पिशवी उलटी करा

ऋतू पालटायच्या पंधरा दिवस आधी दुकानात नवा माल उतरतो आणि पालटून पंधरा दिवस झाले की गिऱ्हाईक उतरतं. मधला महिनाभर रोपं पिशव्यांत दाटीवाटीने उभी असतात, आणि तुमचं झाड घरी जाऊन तग धरणार की नाही, हे बरंचसं त्या महिन्यातच ठरून गेलेलं असतं. रोपं, बियाणं, कुंड्या, रंगाचे डबे, कड्याकोयंडे असं सगळं एका छताखाली मिळणाऱ्या छोट्या दुकानात मी १६ वर्षं काउंटरमागे उभी आहे. मालकांनी हे वाचलं तर कपाळाला हात लावतील. लावू देत.

दारातून आत शिरल्याबरोबर जे रोप फुलांनी लगडलेलं दिसतं ना, ते आम्हीच पुढे मांडलेलं असतं. ते उचलायच्या आधी त्याच्या मागचं, चारदोन कळ्या आलेलं, जरा बुटकं आणि अंगाने भरलेलं रोप बघा. पूर्ण उमललेल्या रोपाचा बहर आमच्याकडेच निम्मा सरलेला असतो; कळ्यांचं रोप तुमच्या घरी फुलतं.

रोप हातात घेतलं की पहिल्यांदा वजन जोखा. फुलासारखं हलकं लागलं तर माती आतून पार वाळलीय. जड लागलं आणि कुबट वास आला तर मुळं कुजायला लागलीत. मग पान उलटं करा. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. पान बारीक ठिपक्यांनी फिकुटलेलं आणि खाली जाळीचा तंतू असला तर लाल कोळी. बोटाला चिकट लागलं तर बहुतेक मावा. यातलं काहीही असलं तर रोप ठेवून द्या, कितीही गोजिरं असू दे.

आता खरी परीक्षा. पिशवी आडवी करून रोप मुळांसकट अलगद बाहेर काढून दाखवायला सांगा. तोंड वाकडं करणाऱ्या दुकानदाराकडून रोप घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे. मुळांची टोकं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि ताठ हवीत. तपकिरी, लिबलिबीत मुळं म्हणजे कूज. मुळांनी आतल्या आत गोल गोल वेढे घातले असतील तर रोप पिशवीत जास्त दिवस राहिलंय. तेच हवं असेल तर लावताना त्या गुंडाळीला धारदार पात्याने तीनचार ठिकाणी उभे काप द्या. जीव वरखाली होतो, पण तसंच लावलं तर मुळं नव्या कुंडीतही त्याच वेढ्यात फिरत राहतात.

घरी आणलं की लगेच कुंडी बदलायची घाई नको. आधी दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा; एखादी कीड लपून आली असेल तर तेवढ्यात दिसते. आमच्याकडे रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, त्याला एकदम भर उन्हात ठेवलं की पानं भाजतात. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन, मग रोज थोडं वाढवत ७ ते १० दिवसांत पूर्ण. कुंडी आधीच्यापेक्षा इंच-दोन इंच मोठी, बस. "मावशी, मोठीच द्या, सारखी बदलायला नको," असं रोज कुणीतरी म्हणतं. छोट्या रोपाला घमेल्याएवढी कुंडी दिली की मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कूज तिथून सुरू होते.

हंगाम सरता सरता आम्ही उरलेली रोपं स्वस्तात काढतो. तिथे डोकं वापरा. एका हंगामात फुलून संपणारी रोपं तेव्हा फुकट दिली तरी नेऊ नका. पण वर्षानुवर्षं जगणारं झुडूप नुसतं खराट्यासारखं दिसत असलं, तर फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. दोनतीन फांद्या तपासा, अगदी बुंध्याजवळही. माझ्या अंगणातली निम्मी झुडपं अशीच उकिरड्यावर जाता जाता वाचलेली आहेत.

बियाण्याचं पाकीट घेताना चित्र नव्हे, पाठीमागची तारीख वाचा, आणि खिडकीलगत उन्हात टांगलेलं घेऊ नका. ऊब आणि दमट हवा हे बियांचे वैरी. बियाणं साठवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा: जागा सुमारे ५ अंश सेल्सिअसने थंड केली किंवा बियांतला ओलावा १ टक्क्याने घटवला, की बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून उरलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत, गार जागी. कांद्याचं बी वर्षा-दोन वर्षांत दम सोडतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चारपाच वर्षं टिकतं. बी किती चिवट असू शकतं याची एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना ऐकवते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ मध्ये बिया भरलेल्या २० बाटल्या पुरल्या. त्यातली एक २०२१ मध्ये उकरली, तर काही बिया तेव्हाही रुजल्या! तुमच्या माळ्यावरचं पाकीट मात्र तपासूनच पेरा. २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून उबेला ठेवा. आठ-दहा दिवसांत १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के. पेरताना थोडं दाट पेरा. निम्म्याही आल्या नाहीत तर नवं पाकीट आणा. पाकिटावर 'एफ १' असेल तर ते संकरित वाण. त्याच्या फळातलं बी धरलं तर पुढचं झाड तसंच निघेल अशी आशा नको.

खताच्या पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम), टक्क्यांत. १९:१९:१९ म्हणजे तिन्ही सारखे. नुसत्या नत्राने पानंच माजतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. आणि सुकलेल्या रोपाला खत देऊ नका, आधी पाणी.

हंगाम संपला की सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, आणि खुरप्याची माती काढून, कोरडं करून तेल लावा. सिकेटरच्या पात्याची उतरती बाजू तेवढीच कानशीने घासायची, सपाट बाजू नाही. लाकडी मुठींना जवसाचं तेल छान, पण ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं, ती चोळामोळ्यात कोंडली की फडकं आपोआप पेटू शकतं. मोकळ्यावर एकेरी पसरून वाळवा.

पावसाच्या तोंडावर झुंबड उडते ती गळती बुजवायच्या सिलिकॉनच्या नळीसाठी. तिच्यावरही मुदत छापलेली असते. मुदत उलटलेलं सिलिकॉन चिकटच राहतं, धड घट्ट होत नाही. एका गर्दीच्या दिवशी मीच न बघता अशी नळी एका काकांना दिली. दोन दिवसांनी ते परत आले आणि काही न बोलता आपलं चिकट बोट माझ्यासमोर धरून उभे राहिले. तेव्हापासून मी आधी तारीख मोठ्याने वाचते, मग पैसे घेते.