चोरी चित्रात दाखवा, वाक्यात नको
समजा, अंगणात वाळत घातलेल्या कुरडया चोरून खाणाऱ्या मोत्या कुत्र्याचं पोरांसाठी चित्रपुस्तक करायचंय. या गोष्टीत हसू येतं ते वाक्य अन् चित्र यांच्यातल्या फटीतून. ‘मोत्यानं दिवसभर कुरडयांची राखण केली,’ एवढंच लिहा, अगदी गंभीरपणे. चित्रात मात्र अंगणातली बाज अर्धी रिकामी, अन् मोत्याच्या मिशीला कुरडईचा तुकडा चिकटलेला. चोरी शब्दांत सांगितली की गंमत गेलीच समजा. ती पोरांनाच सापडू द्या. आमच्या वऱ्हाडातली पोरं चित्रावर बोट ठेवून ओरडतात, ‘पाह्य बरं, यानंच खाल्ल्या!’ मोत्याचा चेहरा जीव ओतून काढा: कान मागं, मान वळलेली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणारं. धास्तावलेला कुत्रा खरंच असा दिसतो. काठी घेतलेली आजी मात्र पान उलटल्यावरच येऊ द्या.