ठाणे निवडलं होतं, वर्धा गेलं

मला दिसत नाही; पडद्यावरचं सगळं मला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. हॉलतिकिटावरचं परीक्षा केंद्र ऐकलं तेव्हा एनव्हीडीएने काहीतरी चुकीचं उच्चारलं असणार असं वाटलं, म्हणून ती ओळ मी एकेक अक्षर करून पुन्हा ऐकली. डब्ल्यू, ए, आर, डी, एच, ए. वर्धा. मी राहते ऐरोलीत. फॉर्म भरताना ठाणे निवडल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. ऐरोलीहून ठाणे म्हणजे ट्रान्स-हार्बरची दोन स्टेशनं, आणि वर्धा ७०० किलोमीटरच्या पुढे.

दुरुस्तीची मुदत संपून गेली होती. मेल केला तर "केंद्र बदलून मिळणार नाही" एवढंच उत्तर आलं. बाबा रजा टाकून वर्ध्याला यायला तयार होते, पण माझी लेखनिक, म्हणजे मी सांगेन ती उत्तरं पेपरात लिहिणारी, होती आमच्याच सेक्टरमधली बारावीची मुलगी. तिच्या आईने रात्रीचा प्रवास आणि परक्या गावातला मुक्काम ऐकून हात जोडले, आणि त्यात त्या माउलीची काही चूक नव्हती. आठ दिवसांत दुसरा लेखनिक मिळाला नाही. वर्षभर अभ्यास केलेली परीक्षा मी दिलीच नाही. हे लिहिताना अजूनही घशात येतं, म्हणून आधीच सांगून टाकते: पुढचं सगळं मी त्या एका डाउन ॲरोसाठी लिहिते आहे.

ब्राउझ मोड आणि फोकस मोड तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते. ब्राउझ मोडमध्ये बाण दाबले की पान ओळीओळीने ऐकू येतं आणि एफ, सी, एक्स, आर ही अक्षरं दाबली की आपण फॉर्मच्या रकान्यांवर उड्या मारतो. फोकस मोडमध्ये प्रत्येक की थेट त्या रकान्यात जाते. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये यालाच फॉर्म्स मोड म्हणतात. ही व्याख्या मलाही पाठ होती. पाठ असून मी फसले.

झालं असं. सी दाबून मी परीक्षा केंद्राच्या कॉम्बो बॉक्सवर, म्हणजे यादीतून एक पर्याय निवडायच्या रकान्यावर आले. एंटर दाबलं, फोकस मोड सुरू झाला. टी दाबलं. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत इंग्रजी टी वरून एकच नाव आहे, त्यामुळे लगेच "ठाणे" ऐकू आलं. माझ्या डोक्यात काम संपलं. आता पुढची सूचना वाचू म्हणून मी डाउन ॲरो दाबला. मनाने मी पानावर परत आले होते, पण कीबोर्ड अजून त्या कॉम्बो बॉक्सच्या आतच होता. इंग्रजी वर्णक्रमात ठाण्यानंतर वर्धा येतं, मग वाशिम, मग यवतमाळ. निवड एक घर खाली सरकली. एनव्हीडीएने "वर्धा" म्हणायला सुरुवात केली असणारच. पण मी तेव्हा नुकताच बोलण्याचा वेग वाढवून घेतला होता आणि हातही वेगाने चालवायची सवय लावत होते. पुढची की दाबली की आधीचं बोलणं तुटतं. मी टॅब दाबला आणि ते "वर्धा" माझ्या कानापर्यंत पोचायच्या आत गेलं.

यात यंत्राचा दोष नाही, आणि पान नीट बनवलेलं असलं तरी हे होतंच. यादी उघडलेली नसली तरीही डाउन ॲरो निवड बदलतो, हे नव्या माणसाला कुणी ठासून सांगत नाही. रेडिओ बटणांचंही तसंच: गटात फोकस मोडमध्ये असताना बाण दाबला की "हो"चं "नाही" होतं. लेखनिक हवा का, या प्रश्नावर असं झालं तर काय होईल याचा विचार करा. सगळ्यात घातक मला वाटतात ते आकड्यांचे काही रकाने. तिथे ६७ टक्के टाइप करून खाली वाचायला डाउन ॲरो दाबलात तर ६६ होतात. ६६ हा आकडा खोटा वाटतच नाही, त्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याही नाही.

आता माझी सवय. कॉम्बो बॉक्समध्ये निवड झाली की हात कीबोर्डवरून पूर्ण उचलायचा. खरंच उचलायचा, मांडीवर ठेवायचा. मग एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) आणि टॅब एकत्र. आपण कुठे आहोत आणि तिथे काय निवडलेलं आहे हे तो पुन्हा सांगतो: रकान्याचं नाव, कॉम्बो बॉक्स, ठाणे. हे शेवटपर्यंत ऐकायचं. मग एस्केप. ब्राउझ मोडमध्ये परतल्याचा तो छोटा आवाज कानावर पडल्याशिवाय एकाही बाणाला हात लावायचा नाही. जॉजवाल्यांनी नंबर पॅडवरचं प्लस दाबून बाहेर यायचं.

यात एक बारकावा आहे आणि तो मला कुठल्याच क्लासमध्ये मिळाला नाही. ऑल्ट आणि डाउन ॲरोने यादी उघडली असेल, तर आधी एंटर दाबून निवड पक्की करून यादी बंद करा आणि मगच एस्केप दाबा. उघड्या यादीत थेट एस्केप दाबलात तर निवड मागे जाऊ शकते. उलट, फोकस मोडमध्ये आल्यावर यादी उघडलीच नसेल तर पुन्हा एंटरच्या वाटेला जाऊ नका. काही पानांवर बंद कॉम्बो बॉक्सवर एंटर दाबलं की अख्खा फॉर्म सबमिट होतो. उघडी असेल तर एंटर मग एस्केप, बंद असेल तर नुसतं एस्केप. पहिले पाच-सहा फॉर्म हे तोंडाने पुटपुटत भरा. घरचे काय म्हणतील याची पर्वा करू नका.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. दोन-तीन आठवड्यांत बोटांना सवय होते आणि मग लक्षही द्यावं लागत नाही.

माझ्या पहिल्या सरांविषयी मला आदर आहे, पण त्यांनी आम्हाला फॉर्म फक्त टॅबने भरायला शिकवला, आणि हे शिकवणं चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. टॅब एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर नेतो. मधला मजकूर तो गाळतो. "नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहावे", "एकदा निवडलेला प्रवर्ग बदलता येणार नाही" अशा ओळी त्या मधल्या मजकुरातच असतात. म्हणून फॉर्म उघडला की आधी कंट्रोल-होम, आणि डाउन ॲरोने वरपासून खालपर्यंत एकदा नुसता ऐका. काहीही भरू नका. पाऊण तास गेला तरी जाऊ द्या. हे फार रटाळ आहे, मान्य आहे. तरीही करा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शंभर शॉर्टकट्सच्या याद्यांचाही मला राग येतो. नवी मुलं त्या पाठ करतात आणि कॉम्बो बॉक्समधून बाहेर कसं पडायचं ते त्यांना येत नाही. मला रोज लागणाऱ्या की दहाही भरत नाहीत. सगळे रकाने एका यादीत हवे असतील तर एनव्हीडीए आणि एफ७, एवढी एक त्यात धरा. बाकीचं हळूहळू येईल.

आणि सायबर कॅफे. स्टेशनबाहेरच्या दुकानात शे-दोनशे रुपये दिले की वीस मिनिटांत फॉर्म भरून मिळतो, हे मलाही माहीत आहे. माझा पहिला फॉर्म मी तसाच भरून घेतला होता. त्या मुलाने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, कारण ओटीपी त्याला सोयीचा पडत होता. पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे गेले. वेळच नसेल आणि जावंच लागलं, तर नंबर आणि ईमेल तुमचाच टाकला आहे हे स्वतःच्या फोनवर ओटीपी ऐकून खात्री करा आणि पासवर्ड घरी येऊन बदला.

पत्त्याच्या रकान्याचं आपल्या भागात वेगळंच दुखणं आहे. जिल्ह्याच्या यादीत नवी मुंबई शोधत बसू नका, ती तिथे नसते. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्हा, ठाणे तालुका. खारघर, कामोठे, पनवेल म्हणजे रायगड. वसई-विरारकडची मंडळी १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आली, पण त्याआधीच्या दाखल्यांवर ठाणेच असतं. त्यामुळे कायमचा पत्ता कुठल्या कागदाप्रमाणे लिहायचा ते फॉर्मच्या सूचनेत ऐकून घ्या. जिल्हा निवडल्यावर तालुक्याची यादी भरायला काही सेकंद जातात. घाई केली तर ती रिकामीच ऐकू येते आणि पान बिघडलंय असं वाटतं. थांबा, शिफ्ट-टॅबने मागे जाऊन पुन्हा पुढे या.

फोटोबद्दल थोडक्यात. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. फाइलवर ऑल्ट-एंटर दाबलं की आकार वाचता येतो. हाताने लिहिलेलं घोषणापत्रही लागतं. आपल्यापैकी ज्यांना लिहिता येत नाही त्यांना ते टाइप करून खाली डाव्या अंगठ्याचा ठसा देता येतो, आणि हे खुद्द जाहिरातीतच दिलेलं असतं. फोटो सरळ आहे की आडवा, चेहरा कापला गेलाय का, यासाठी मात्र डोळस माणसाला विचारा. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

कॅप्चावर मी आजही अडकते. बी दाबत ऑडिओचं बटण शोधायचं. ते नसेल तर चित्रावर जाऊन एनव्हीडीए आणि आर दाबून बघायचं, कधीकधी अक्षरं ओळखली जातात. तेही जमलं नाही तर ती तुमची कमतरता समजू नका, त्या पानाची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. मदतकक्षाला मेल लिहिताना हे दोन्ही लिहा आणि कुठल्या पानावर, कुठल्या रकान्याशी अडलं ते नेमकं लिहा. मोघम तक्रारीला मला कधी उत्तर आलं नाही, नेमक्या तक्रारीला दोनदा आलं. पण त्यासाठी हाताशी दिवस हवेत. शेवटच्या तारखेच्या रात्री फॉर्म उघडणाऱ्याला कुठलाच कायदा वाचवू शकत नाही.

सबमिट दाबलं आणि काहीच घडलं नाही, तर बहुतेक वेळा वर कुठेतरी लाल अक्षरात चूक आलेली असते आणि ती आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही. एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ दाबून इंग्रजीत "रिक्वायर्ड" किंवा "प्लीज" शोधा. एनव्हीडीए आणि एफ३ ने पुढची चूक सापडते.

पैसे भरण्याआधी प्रीव्ह्यू येतो. वर्ध्याच्या वेळीही आला होता. मी त्याच्या पहिल्या चार ओळी ऐकल्या, नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे म्हणून शेवटी उडी मारली. केंद्र खाली होतं, तक्त्यात. आता मी तो पूर्ण ऐकते. दहावीची गुणपत्रिका आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांतलं सगळं आधीच एका फाइलमध्ये टाइप करून ठेवलेलं आहे, ऑल्ट-टॅबने फाइल आणि प्रीव्ह्यू आळीपाळीने ऐकते. नाव आणि नंबर अक्षरागणिक. एवढं करूनही मन खात असेल तर त्या दिवशी पैसे भरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने पुन्हा ऐकते आणि मग भरते. पावतीची पीडीएफ उघडून कंट्रोल-एफने केंद्राचं नाव शोधते. चूक त्याच आठवड्यात कळली तर दुरुस्तीची लिंक बहुधा उघडी असते किंवा उघडायची असते, त्यामुळे लगेच धीर सोडू नका. महिनाभराने कळली तर माझ्यासारखं होतं.

पुढच्या वर्षी तोच फॉर्म मी एकटीने भरला. सव्वातीन तास लागले. मध्ये दोनदा लॉगआउट झालं, एकदा वीज गेली, आईने दोनदा जेवायला हाक मारली. परीक्षा केंद्राच्या कॉम्बो बॉक्सवर मी एनव्हीडीए आणि टॅब सहा वेळा दाबलं. सहाही वेळा ठाणे. लेखनिक तीच मुलगी होती, आता कॉलेजात गेलेली. तासाला २० मिनिटांचा जादा वेळही नीट मिळाला. पेपर संपवून आम्ही दोघी पावणेसहाच्या गाडीने ऐरोलीला उतरलो, आणि तिची आई आम्हाला घ्यायला स्टेशनवर आली होती.