मॅनिटोबात प्राणी बघायला जायचंय? आधी महिना ठरवा, तिकीट नंतर

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताचा प्लॅन करताना बरेच जण तिकीट कधी स्वस्त आहे ते आधी बघतात आणि तिथेच गडबड होते, कारण इथे प्रत्येक प्राण्याचा सीझन ठरलेला आहे आणि तो चुकला की चुकलाच. मे महिन्यात चर्चिलला गेलात तर पांढरी अस्वलं लांब समुद्राच्या बर्फावर सीलची शिकार करत असतात, आणि जुलैत नार्सिसला गेलात तर सापांचे खड्डे रिकामे. म्हणून कुठला प्राणी बघायचाय ते आधी नक्की करा, मग महिना, मग तिकीट.

पांढरं अस्वल म्हणजे चर्चिल आणि चर्चिल म्हणजे ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. हे गाव हडसन बेच्या काठावर आहे, उन्हाळ्यात खाडीतला बर्फ वितळला की अस्वलांना किनाऱ्यावर यावं लागतं, तिथे खायला फारसं काही नसतं, मग पुन्हा बर्फ कधी धरतोय याची वाट बघत ती महिनोन्महिने उपाशीपोटी थांबतात. चर्चिल नदीचं गोडं पाणी खाडीत येतं त्यामुळे या भागात बर्फ लवकर धरतो, म्हणून अस्वलांची गर्दी नेमकी इथे. बघायचं ते टंड्रा बगीतून, म्हणजे मोठाल्या चाकांची उंच गाडी असते. गावात वस्ती हजाराच्याही आत, हॉटेलच्या खोल्या मोजक्या, त्यामुळे बुकिंग वर्षभर आधी करा, आणि हे खर्चिक आहे हे धरूनच चला, काही दिवसांच्या टूरला माणशी हजारो डॉलर लागतात.

चर्चिलला जाणारा रस्ताच नाही. मॅनिटोबाची राजधानी विनिपेग, तिथून विमान, नाहीतर ट्रेन, जी 1,700 किलोमीटर जायला साधारण दोन दिवस घेते. उत्तरेकडे रूळ कायम गोठलेल्या जमिनीवरून जातात म्हणून गाडी हळू चालते आणि उशीर होतोच, तेव्हा परत आल्या आल्या त्याच दिवशी पुढची फ्लाइट ठेवू नका, मधे एक मोकळा दिवस हवाच. गावात फिरताना अंधार पडल्यावर एकटं बाहेर पडायचं नाही, किनाऱ्यावरच्या खडकांकडे तर दिवसाही गाइडशिवाय नाही, कारण त्या खडकांच्या आड बसलेलं अस्वल दिसतच नाही. तिथले लोक गाडीची दारं लॉक करत नाहीत, समोरून अस्वल आलंच तर कुणालाही पटकन आत शिरता यावं म्हणून, आणि हे मला त्या गावाबद्दल सगळ्यात जास्त आवडतं.

अस्वलांचा सीझन झेपत नसेल तर जुलै-ऑगस्टमधे चर्चिललाच जा. नदीच्या मुखात हजारो बेलुगा व्हेल येतात, पांढऱ्याशुभ्र, आणि कयाकच्या अगदी जवळून जातात. बोटवाल्याला पाण्याखालचा माइक आहे का ते विचारा, असेल तर त्यांची चिवचिव ऐकायला मिळते. फक्त डास भयंकर असतात, डोक्यावरून घालायची जाळी घ्याच. नॉर्दर्न लाइट्ससाठी मात्र फेब्रुवारी-मार्च बरा.

पण खरं सांगू, पहिल्यांदा जाताय आणि बजेट बेताचं आहे तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात नार्सिसला जा. विनिपेगच्या उत्तरेला हायवे 17 वर, दीड-दोन तासांचा रस्ता. जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे, त्याच्या भेगा इतक्या खोल जातात की हिवाळ्यातली थंडी खालपर्यंत पोचत नाही, म्हणून हजारो गार्टर साप तिथे थंडी काढतात आणि वसंतात एकदम वर येतात. नर आधी येऊन थांबतात, मादी आली की कित्येक नर तिच्याभोवती गुंता करतात आणि तो अख्खा गोळा उतारावरून हलत हलत खाली जातो. दोन मिनिटं न बोलता उभं राहिलात तर वाळका पाला सरकावा तसा आवाज सगळ्या खड्ड्यातून येत असतो. माणसाला यांच्यापासून धोका नाही, तरी हात लावू नका, पाय बघून टाका कारण वाटेवरही असतात. ऊन पडलेला दिवसच निवडा, पावसात किंवा गारठ्यात ते वर येत नाहीत. परतल्यावर मोजे आणि गुडघ्यामागे गोचीड बघा, मे-जूनमधे गवतात खूप असतात.

तिथून पुढे रायडिंग माउंटन नॅशनल पार्क. लेक ऑडीजवळ बायसनचा कळप मोठ्या कुंपणात ठेवलाय आणि आत गाडी नेता येते. काच खाली करा, इंजिन बंद करा, उतरू मात्र नका, बायसन सुस्त वाटतो पण धावतो माणसापेक्षा कितीतरी जोरात. अस्वल, लांडगा, बायसन यांच्यापासून 100 मीटर आणि मूस, एल्क (ही दोन्ही मोठ्या हरणांचीच जात), हरणांपासून 30 मीटर अंतर ठेवायचं. मूस बघायचा तर पहाटे किंवा संध्याकाळी पाणथळ जागांच्या कडेने हळू गाडी चालवा. मधमाशीसारखं भिरभिरत दहा जागा करण्यापेक्षा एका तळ्यापाशी तासभर बसलात तर जास्त दिसतं.

हिवाळ्यात जाणार असाल तर थर्मामीटरपेक्षा विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, बघा, कारण माळावर वारा अडवायला काहीच नाही. विंड चिल उणे 28 च्या खाली गेला की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, उणे 40 च्या खाली 5 ते 10 मिनिटांत. अंगालगत कॉटन नको, घामाने ओलं झालं की सुकत नाही, मेरिनो लोकरीचं घ्या, वर फ्लीस, वर वारा न शिरणारं जॅकेट. बोटं वेगवेगळी असलेल्या ग्लोव्हजपेक्षा मिट्स उबदार, आत पातळ ग्लोव्हज घातले की कॅमेऱ्याचं बटण दाबता येतं. बूट एक नंबर मोठे, घट्ट बुटात पाय आधी गार पडतात. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवा आणि खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं.

भाड्याची गाडी घेताना ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा हीटर, आहे का ते विचारा. बॉनेटमधून प्लग लोंबत असतो, रात्री तो लावून ठेवायचा, नाहीतर सकाळी इंजिन चालूच होत नाही. निघण्याआधी 511 या रस्त्यांच्या माहितीच्या सेवेवर रस्त्याची स्थिती बघा, गाडीत ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती-काडेपेटी, खाणं हवंच. आणि बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, वादळात दहा पावलांवरची गाडीही दिसत नाही. आतच थांबा, मागच्या धुराच्या पाइपवरचा बर्फ काढा, थोडा थोडा वेळ इंजिन चालू करा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.