माउंटन बाइकच्या टायरची साइडवॉल किती चिवट? तुलना कशी करावी

गेल्या पावसाळ्यानंतर बोपदेव घाट चढून कानिफनाथाच्या बाजूला जाणाऱ्या कच्च्या वाटेवर माझ्या मागच्या टायरची बाजू फाटली. काटा नव्हता, खिळाही नव्हता. कडेला पडलेल्या खडीचा एक धारदार तुकडा टायरला घासून गेला आणि अंगठ्याच्या नखाएवढी चीर पडली. आतलं सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमध्ये भोकं बुजवायला घालतात तो द्रव, फसफसत बाहेर आलं आणि थांबेचना. शेवटी दुधाच्या पिशवीची घडी करून आतून लावली, ट्यूब घातली आणि जपून जपून कोंढव्यापर्यंत उतरलो. टायरची नक्षी तेव्हा जवळजवळ नवी होती.

नवा टायर घ्यायला गेलो तेव्हा विचारलं, "दादा, यातला मजबूत कुठला?" उत्तर आलं, "सगळेच मजबूत आहेत." मग लक्षात आलं, प्रश्नच चुकला होता. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, ताठ असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. ताठ बाजू वळणावर टायरला लवू देत नाही. चिवट बाजू दगडाने कापली जात नाही. शिवाय रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून पडणारी दोन भोकं, म्हणजे स्नेकबाइट, ही तिसरीच गोष्ट. तुलना करण्याआधी आपला टायर कशाने मरतो हे ठरवा. पुण्याच्या आसपास याचं उत्तर बहुतेक वेळा दगड हेच येतं. आपल्या टेकड्या साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेल्या बेसाल्टच्या आहेत. हा बारीक कणांचा कठीण दगड फुटला की त्याला सुरीसारख्या कडा येतात. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीजवळचा एखादा ताजा फुटलेला तुकडा हातात घेऊन बघा. बाभळीचा काटा बहुधा नक्षीतून शिरतो आणि ते भोक सीलंट भरून काढतं. बाजूची चीर मात्र भरत नाही, कारण तिथे रबर पातळ असतं आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला ती जागा वाकते.

पहिली पायरी: टायरवर काय लिहिलंय ते नीट वाचा

आधी माप. ५७-६२२ याचा अर्थ ५७ मिलिमीटर रुंद, ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसणारा, म्हणजेच २९ × २.२५. एकाच मापाच्या टायरची तुलना करा. रुंदी बदलली की पुढची सगळी मोजमापं फसतात.

मग टीपीआय, म्हणजे एका इंचात किती धागे आहेत तो आकडा. ६० म्हणजे जाड धागे, १२० म्हणजे बारीक. इथे खूप जण फसतात. ६० चा टायर १२० च्या टायरपेक्षा चिवट, हे गणित बाकी सगळं सारखं असेल तरच लागू पडतं. मॅक्सिस कंपनीचं डबलडाउन केसिंग (केसिंग म्हणजे रबराखालचं धाग्यांचं कापड) १२० टीपीआयचं आहे, पण त्यात दोन थर आहेत. एका थराच्या ६० टीपीआय टायरपेक्षा ते कितीतरी जास्त सोसतं. काही कंपन्या थरांची बेरीज करून आकडा छापतात. कॉन्टिनेन्टलच्या टायरवर ३/१८० दिसलं तर ते नक्षीखालचे ६० टीपीआयचे तीन थर असतात. १८० हा आकडा बघून धागा बारीक आहे असं समजू नका.

म्हणून माझ्या मते टीपीआयपेक्षा केसिंगचं नाव जास्त सांगून जातं. मॅक्सिसमध्ये एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन आणि डीएच (डाउनहिल) अशी चढती भाजणी आहे. श्वाल्बेमध्ये सुपर रेस, सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल. स्पेशलाइज्डमध्ये कंट्रोल, ग्रिड, ग्रिड ट्रेल, ग्रिड ग्रॅव्हिटी. या पायऱ्या त्या-त्या कंपनीपुरत्याच खऱ्या. एका कंपनीची दुसरी पायरी दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या पायरीइतकीच चिवट असेल, असं नसतं. तिथेच आपली स्वतःची तपासणी कामाला येते.

दुसरी पायरी: वजन करा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. २९ इंची, सव्वादोन ते अडीच इंच रुंदीच्या टायरमध्ये हलका क्रॉस-कंट्री टायर साधारण ६०० ते ७५० ग्रॅम, ट्रेलचा (कच्च्या वाटांचा) ८०० ते ९५०, एंड्युरोचा (खडतर उतारांचा) हजाराच्या वर आणि डाउनहिलचा (फक्त उतरण्यासाठीचा) १२०० च्या पुढे जातो. पण जाड नक्षीचंही वजन असतं. म्हणून खरी तुलना होते ती एकाच मॉडेलच्या दोन केसिंगमध्ये. नक्षी तीच, माप तेच, तर वाढलेलं वजन केसिंगमध्येच गेलं असणार. कडेत पोलादी तार असलेला टायर आणि घडी होणारा फोल्डिंग टायर यांची वजनं मात्र एकमेकांशी लावू नका, तारेचं वजन उगाच मध्ये येतं.

तिसरी पायरी: हाताने आणि व्हर्नियरने

बीड (रिममध्ये बसणारी टायरची कड) आणि नक्षीची कड यांच्या बरोबर मध्ये चिमटीत धरून बाजू चोळा. एक थर आणि दोन थर यांतला फरक बोटांना लगेच कळतो. आकडा हवा असेल तर व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. छापलेली अक्षरं, उभ्या रेघा टाळा, आणि जबडा हलका धरा, कारण रबर दबतं.

ताठपणा बघायचा असेल तर न बसवलेला टायर जमिनीवर उभा करा, वर अर्धा किलो साखरेचा पुडा ठेवा आणि उंची किती कमी झाली ते फूटपट्टीने मोजा. फोल्डिंग टायर घडीतून काढून आदल्या दिवशी मोकळा ठेवा, नाहीतर घडीचाच आकार मोजला जाईल. हे माप वळणावरच्या आधाराचा अंदाज देतं. तो टायर दगडाने कापला जाईल की नाही, हे त्यातून कळत नाही.

चौथी पायरी: कापून बघा

माझा सगळ्यात जास्त विश्वास या पायरीवर आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. नवे टायर अर्थातच कापायचे नाहीत. सायकल दुरुस्तीच्या दुकानात टाकून दिलेले टायर मागा. नक्षी झिजलेली पण बाजू शाबूत असलेले निवडा. उन्हात भेगाळलेले नकोत, कारण मग केसिंगऐवजी वयाचीच तुलना होते.

साइडवॉलमधून सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापा. जाड फळीला साधारण २५ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा. पट्टी त्यावर ताणून दोन्ही टोकांना खिळ्यांनी ठोका. फळी दोन ठोकळ्यांवर आणि ठोकळे माणसांच्या वजनकाट्यावर ठेवा. काटा आधी शून्यावर आणा. आता चपट्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर भोकाच्या मधोमध सरळ खाली हळूहळू दाबा आणि दुसऱ्या कुणाला तरी आकडा बघायला सांगा. पट्टी फाटते त्या क्षणी किती किलो होते ते लिहा. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि मोकळा हात फळीखाली कधीच नेऊ नका.

केसिंगचे धागे तिरके, एकमेकांना छेद देत जातात. त्यामुळे स्क्रूड्रायव्हरचं टोक कोणत्या दिशेला धरलं यावर निकाल बदलतो. टायरच्या घेराच्या दिशेने तीन वेळा आणि आडवं तीन वेळा दाबा. दर वेळी ताजी पट्टी घ्या, आणि तिन्हींतला मधला आकडा धरा. दाभणाने करू नका. दाभण धाग्यांच्या मधून वाट काढतं, म्हणजे ते काट्यासारखं वागतं, दगडासारखं नाही.

पाचवी पायरी: रिमवर बसवून वरून बघा

टायर रिमवर बसवा, नेहमीची हवा भरा आणि वरून खाली बघा. बाजूचं पोट नक्षीच्या कडेच्या ठोकळ्यांपेक्षा बाहेर येतंय का? येत असेल तर दगडाला आधी तेच सापडणार. रुंद रिमवर टायर चौकोनी होतो आणि बाजू जास्त उघडी पडते. म्हणजे तोच टायर मित्राच्या सायकलवर वर्षभर टिकेल आणि तुमच्या सायकलवर दोन महिन्यांत फाटेल, असं होऊ शकतं. माझ्या फाटलेल्या टायरचं पोट दोन्हीकडून नक्षीच्या बाहेर आलेलं होतं, आणि हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. हवा फार कमी ठेवली तरी पोट बाहेर येतं, वर चिमटा बसण्याची भीती. दोन टायर ताडून बघताना प्रेशर गेजने दोन्हींत हवा सारखी ठेवा.

निवड करताना चिवट टायर मागे लावा. मागच्या चाकावर वजन जास्त असतं आणि पुढचं चाक दगड चुकवून गेलं तरी मागचं त्याच्यावर चढतंच. मागे दीडशे-दोनशे ग्रॅम वाढले तर घाट चढताना जाणवतील, पण घरापासून वीस किलोमीटरवर टायर फाटण्यापेक्षा मला ते परवडतात. फक्त खडकवासल्याकडे डांबरी रस्त्याने जायचं असेल तर हा भार कशाला?

वापर सुरू झाल्यावर दर महिन्याला बाजू पुसून बोटाने चाचपा. ट्यूब असेल तर टायर उतरवून अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावा, आरपार चिरांतून उजेड दिसतो. नुसतं रबर खरचटलं असेल तर चालतं. धागे तुटून चिरेपाशी फुगवटा आला असेल तर त्या टायरवर घाट उतरू नका. तो फेकू मात्र नका, पुढच्या तुलनेला त्याच्या शाबूत भागाच्या पट्ट्या लागतील.