आधी बाहुली बघा, मग ड्रॉप घाला

ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासायच्या कोर्सला, नुकताच प्रवेश घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे; त्यातही लातूर-नांदेडला नीटचे क्लास करून, एमबीबीएस हुकल्यावर इकडे आलेल्यांसाठी. कोर्सचं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. सुरुवातीला सगळ्यांना चष्म्याचे नंबर काढायची घाई असते. मलाही होती. बाहुलीचा, म्हणजे बुबुळाच्या मधल्या काळ्या छिद्राचा, धडा मी परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिला होता.

इंटर्नशिपमध्ये बीड जिल्ह्यातल्या एका गावी मोतीबिंदूचं शिबिर होतं. एप्रिल महिना, झेडपीच्या शाळेचा व्हरांडा, बाहेरपर्यंत रांग. साठीतले एक बाबा आले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढराफटक झालेला. "उजेड कळतोय बघ माय, पण माणूस दिसंना," म्हणाले. मी रांग उरकायच्या नादात दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातले. अर्ध्या तासाने मॅडमनी विचारलं, "ड्रॉपच्या आधी बाहुल्या बघितल्यास का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. औषधाने पसरलेली बाहुली उजेडाला दाद देत नाही आणि तो असर उतरायला काही तास लागतात. बाबांना दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागलं. त्यांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. ते मला अजून टोचतं.

त्या रात्री धडा पुन्हा काढला आणि या वेळी समजून वाचला. शाळेत आपण शिकतो की दृष्टिपटलात उजेड टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, दंडपेशी आणि शंकूपेशी. पण १९२० च्या दशकातच क्लाइड कीलर या संशोधकाला दिसलं होतं, की ज्या उंदरांच्या या पेशी जवळजवळ नष्ट झाल्यात त्यांच्याही बाहुल्या उजेडात आकसतात. त्याचं कोडं पुढे कित्येक दशकं सुटलं नाही. १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत मेलानोप्सिन हे प्रथिन सापडलं, २००० मध्ये ते माणसाच्या दृष्टिपटलातही मिळालं आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे प्रथिन असलेल्या गँग्लियन पेशी (दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी) स्वतःच उजेड टिपतात. डोळ्यात गँग्लियन पेशी सुमारे दहा लाख. त्यांतल्या या फक्त काही हजार. निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरला, त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात.

कामाची वाटणीही सुंदर आहे. अंधारातून उजेडात आलं की बाहुली झटकन आकसते, ती मुख्यतः दंड-शंकूपेशींमुळे. पण आपल्याकडच्या उन्हात रानात दिवसभर काम करणाऱ्या माणसाची बाहुली तासन् तास आकसलेलीच राहते, त्यात मेलानोप्सिनवाल्या पेशींचा मोठा वाटा असतो. दंड-शंकूपेशींचा संदेशही याच पेशींमधून पुढे जातो: दृष्टीच्या नसेतून मध्यमेंदूत, तिथून दोन्ही बाजूंना फुटून, परत दोन्ही बाहुल्यांच्या स्नायूंकडे. म्हणून टॉर्च एका डोळ्यावर मारला तरी बाहुल्या दोन्ही आकसतात. घरी आरशासमोर एक डोळा तळहाताने झाका, उघड्या डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. हात काढा, ती लगेच आकसते. मी हे खिडकीशी उभी राहून वीसेक वेळा केलं.

बाबांच्या डोळ्याचं मर्म इथेच आहे. बाहुलीला चित्र लागत नाही, उजेड किती ते लागतं. मोतीबिंदू चित्र अडवतो. उजेड विखरून का होईना, मागे पोचतोच. त्यामुळे मोतीबिंदू कितीही पिकला तरी मागचं सगळं शाबूत असेल तर बाहुली नीट आकसायलाच हवी.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. टॉर्च उजवीकडून डावीकडे नेला की डावी बाहुली आकसायच्या ऐवजी पसरत होती. म्हणजे डाव्या डोळ्याकडून मेंदूला उजेडाचा संदेश कमी जात होता; मोतीबिंदूच्या मागे नस किंवा दृष्टिपटलच खराब झालेलं होतं. मॅडमनी त्यांना आणि त्यांच्या मुलाला ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट सांगितलं, की मोतीबिंदू काढला तरी या डोळ्याला फारसं दिसणार नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी सांगितलं, बरं केलं."

आता तपासायची रीत. उन्हात बाहुली आधीच बारीक असते, तिथे काही कळत नाही. वर्गाची खिडकी सतरंजीने झाका आणि पेशंटला दोन मिनिटं आत बसू द्या. "समोर फळ्याकडं बघा" म्हणा. टॉर्चकडे बघितलं तर जवळ बघण्यानेच बाहुली आकसते आणि तुम्ही फसता. आपल्या लोकांची बुबुळं गडद, बाहुलीची कड चटकन दिसत नाही. खालून, तिरका उजेड धरा. टॉर्चची बॅटरी ताजी हवी. प्रत्येक डोळ्यावर दोन-तीन सेकंद, मग पटकन दुसऱ्यावर, असं चार-पाच वेळा.

आणि केसपेपरवर ड्रॉपची वेळ लिहायच्या आधी बाहुल्यांची ओळ भरा. ती ओळ रिकामी असेल तर मी आजही ड्रॉपची बाटली उघडत नाही.