रेकॉर्डरची हार्ड डिस्क काढून फ्लॅश कार्ड बसवताना या चुका टाळा

ध्वनिमुद्रणाच्या जुन्या पोर्टेबल रेकॉर्डरमधील हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवणे तत्त्वतः सोपे आहे, कारण या कार्डाला आयडीई ही जुन्या हार्ड डिस्क जोडण्याची पद्धत मुळातच अवगत असते आणि मधला अडॅप्टर बहुधा केवळ पिना जुळवून देतो. या सोपेपणामुळेच लोक घाई करतात आणि त्याच त्या चुका पुन्हा पाहाव्या लागतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कार्ड न तपासता कामाला लावणे. मी स्वतः ती केली आहे. ६४ जीबी असे छापलेले एक कार्ड मी बसवले, फॉरमॅट केले, दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि समाधान मानले. पुढे पाच दिवस रोज पहाटे दोन तास, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर, पक्ष्यांचे आवाज मुद्रित केले. घरी आल्यावर पाचही फाइली दिसत होत्या, त्यांची लांबीही बरोबर होती. परंतु दुसऱ्या पहाटेच्या शेवटच्या आठेक मिनिटांपासून पुढे निव्वळ शांतता होती. या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला ५,७६,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे २ जीबी लागतात. कार्डात प्रत्यक्षात ८ जीबीच मेमरी होती आणि त्यापुढचे सारे त्याने लिहिल्याचे भासवून टाकून दिले होते. फाइलींची नोंद कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असल्यामुळे तेवढी शाबूत राहिली. त्या तीन पहाटा मला परत मिळाल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक नवे कार्ड मी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या प्रोग्रॅमने काठोकाठ भरतो आणि लिहिलेले सगळे परत वाचून पडताळतो. त्याला कित्येक तास लागतात. ज्यांना ते जड वाटतात त्यांनी हे काम हाती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक क्षणात यंत्र निकामी करू शकते. अडीच इंची आयडीई डिस्कच्या ४४ पिनांपैकी ४१ आणि ४२ या पिनांवर ५ व्होल्ट असतात, तर शेजारची ४३ ही ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची असते. विसावी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, परंतु पुष्कळ केबलींत तिच्यासमोरचे छिद्र बुजवलेले नसते. त्यामुळे केबल एक जोडी सरकूनही घट्ट बसते आणि वीजपुरवठा थेट ग्राउंडला टेकतो. मी आधी बॅटरी काढतो, जुन्या जोडणीचे छायाचित्र घेतो, पहिल्या पिनेजवळ रंगाचा ठिपका देतो आणि दोन्ही टोकांच्या पिना भिंगातून मोजतो. अडॅप्टरवर व्होल्टेज निवडण्याचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असल्यास तोही याच वेळी पाहावा, कारण १.८ इंची डिस्क बहुधा ३.३ व्होल्टवर चालतात.

कार्ड संगणकावर एक्सफॅट या फाइली साठवण्याच्या नव्या पद्धतीत फॉरमॅट करू नये. जुन्या रेकॉर्डरांना बहुधा तिच्याआधीची फॅट३२ ही पद्धत लागते. त्यात एका फाइलीची मर्यादा ४ जीबी आहे, तेव्हा वरील दर्जाचे ध्वनिमुद्रण दोन तासांनंतर नव्या फाइलीत जाते की थांबते, हे आधीच करून पाहावे.

काही यंत्रांचे स्वतःचे सॉफ्टवेअर डिस्कवरच असते, म्हणून जुन्या डिस्कची संपूर्ण प्रत घेतल्याशिवाय तिला हात लावू नये.

डिस्क फिरण्याचा आवाज या बदलाने जातो, प्रीअँपची, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज वाढवणाऱ्या भागाची, सरसर जात नाही. तिच्यासाठी कार्डामागून कार्ड बदलणे व्यर्थ आहे.